न गंजणारी कढई

लोहाराच्या सुनेच्या रक्तात लोह कमी निघालं, यावर हसावं की रडावं हे घरात कुणालाच कळेना. नवऱ्यानं आधी हसून घेतलं. "आता बाहेर सांगायची सोय राहिली नाही," तो म्हणाला, "बेकरीवाल्याच्या घरी पाव नसावा तसं झालं." सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो मुकाट्यानं हात धुवायला गेला.

खरं तर त्या घरात लोखंडाला तोटा नव्हता. सासऱ्यांचा कारखाना घराला लागूनच. मधे एकच दार, तेही लोखंडी. फाटकं, जिन्यांचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या, बागेतली बाकडी, असं सगळं तिथे घडायचं. घडता घडता त्यातलं थोडं घरात सांडायचं. दार मिटू नये म्हणून खाली जुनं बिजागर, बिलं उडू नयेत म्हणून वर गजाचा तुकडा. स्वयंपाकघरातल्या फळीवर खिळ्यांचा डबा आणि साखरेचा डबा शेजारी शेजारी. सासऱ्यांना साखरेचा आजार, त्यात दोन वर्षांपूर्वी हृदयानंही दगा दिलेला. त्यामुळे यांनी चोरून डबा उघडलाच तर खिळ्यांचा उघडलेला बरा, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

सून स्वतः चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. कामाची खोली माळ्यावर होती. हल्ली अर्ध्या जिन्यात तिला धाप लागे, डोळ्यांपुढे अंधारी येई, कठडा धरून ती उभी राही. दोन जिवांची म्हटल्यावर एवढं चालायचंच, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. रक्ताच्या तपासणीनं ते खोटं ठरवलं.

डॉक्टरांनी तिला दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंकडे पाठवलं. नवरा त्या दिवशी कुठल्याशा इमारतीत कठडा बसवायला गेला होता, म्हणून सोबत सासरे आले. एरवी दवाखान्याच्या पायरीशी त्यांचं हाडवैर. पण आले, आणि सुनेच्या शेजारी खुर्चीत हातावर हात ठेवून असे बसले, की जणू आपलीच तपासणी आहे.

आहाराच्या बाई चटपटीत होत्या. बोलता बोलता टेबलावरची खोटी केळी आणि खोटी अंडी इकडून तिकडे सरकवायची त्यांना सवय होती. पालेभाज्या खा, मसूर खा, चालत असेल तर अंडी, मासे, मांस खा, वर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा नको, आणि गोळी रोज, न चुकता. मग त्यांनी कारण सांगितलं. बाळ पोटात असताना आईकडून लोह घेऊन साठवून ठेवतं, आणि जन्मल्यावरचे पहिले कितीतरी महिने त्याच शिदोरीवर काढतं, कारण आईच्या दुधात ते फारसं नसतं. शिदोरी अपुरी पडली की बाळ अशक्त राहतं, त्याचं डोकंही हवं तसं वाढत नाही. आणि गोष्ट लहानपणातच संपत नाही, असं त्या म्हणाल्या. ज्या बाळाला पोटात एकूणच अन्नाचा तुटवडा सोसावा लागतो, त्याचं शरीर काटकसरीनं संसार करायला शिकतं. पुढे भरपूर मिळायला लागलं तरी ती खोड जात नाही, आणि मग चाळिशी-पन्नाशीत साखर, रक्तदाब, हृदय अशी दुखणी मागे लागायचा संभव वाढतो.

सासऱ्यांनी मधेच विचारलं, "म्हणजे जन्मतः बारीक असलेल्या माणसाला साखर होते?"

होतेच असं नाही, बाई म्हणाल्या. खाणंपिणं, हालचाल, घराणं, सगळंच त्यात येतं. पण कल तिकडे असतो खरा. तुम्ही का विचारताय?

"सहज," सासरे म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांनी सांगितलं, की ते जन्मले त्या वर्षी शहरातले कारखाने बंद पडले होते. घरात चूल पेटली तर पेटली. आई सांगायची, तू एवढासा होतास की तुला बुटाच्या खोक्यात निजवायचो, आणि खोक्यात जागा उरायची. हा बुटाच्या खोक्याचा किस्सा सुनेनं लग्न होऊन आल्यापासून किती वेळा ऐकला होता. पाहुणे आले की सासरे तो हमखास सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे. आज ते हसले नाहीत.

परतताना ते कारखान्याच्या दाराशी थबकले, आत रचून ठेवलेल्या गजांच्या ढिगाकडे पाहत राहिले. "एवढं सगळं घरात असताना माझ्या नातवंडाला कमी पडतं," ते म्हणाले, "हे काही बरोबर नाही."

नवऱ्यानं आहाराच्या बाईंचं नाव त्याच संध्याकाळी 'पालकबाई' ठेवलं. आपण पालक होणार म्हणून पालक खायचा, असा विनोद त्यानं केला. आपल्यालाच तो फार आवडला म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. सासऱ्यांनी भट्टी पेटवली. हृदयाचं झाल्यापासून त्यांनी घण उचलला नव्हता. जोडकाम मुलगा करायचा, ते नुसते खुर्चीवर बसून चुका काढायचे. सासूबाई दारात उभ्या राहून बोलत होत्या ते बोलतच राहिल्या आणि आत हातोडा पडतच राहिला. हलक्या हातानं, थांबत थांबत, मधे बसून घेत. कुणालाही हात लावू दिला नाही. जाड पत्रा तापवून, ठोकून, वळवून त्यांनी कढई घडवली. दोन कान, पकडायला हाताला बसतील असे. बुडाला एक ठोका चुकलेला नाही.

लोखंडाच्या कढईत रांधलं की लोह अन्नात उतरतं, हे त्यांनी आईकडून ऐकलं होतं. कढई पूर्ण झाल्यावर त्यांनी ती दोन दिवस कुठेतरी नेली आणि परत आणून सुनेच्या हातात दिली. अशी गुळगुळीत, काळीशार, की तिच्यात तोंड दिसावं. "माझ्या हातून गेलेल्या वस्तूला गंज चढत नाही," ते म्हणाले. हे वाक्य ते गिऱ्हाइकांना म्हणायचे. शहरातल्या कितीतरी फाटकांनी ते खरं करून दाखवलं होतं.

तिला भरून आलं. माहेरी तिचे वडील कधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आले नव्हते. इथे हा अबोल माणूस छातीवर हात ठेवून, दम घेत घेत, तिच्यासाठी कढई घडवून उभा होता.

त्या दिवसापासून घरात सगळं त्या कढईत व्हायला लागलं. मसूर त्यात, भाजी त्यात, अंडी त्यात, टोमॅटोचं सार त्यात. सासूबाई तिच्या ताटात वाढताना सासऱ्यांकडे बघायच्या आणि सासरे ताटाकडे. कढईला काही चिकटत नाही, घासायला दोन मिनिटंही लागत नाहीत, म्हणून तर सासूबाईंनी नाक मुरडायचंही सोडून दिलं.

गोळ्यांचं मात्र वेगळं झालं. त्या घेतल्या की तिला मळमळे, पोट दगडासारखं होई, तोंडाला दिवसभर चावीची चव. एकदा राहून गेली, एकदा मुद्दाम टाळली. मग तिनं विचार केला, की आता कढई आहे. रोज दोन्ही वेळा खाते ते लोखंडातलंच खाते. गोळीची काय गरज. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंही तिला वाटलं नाही.

पुढच्या तपासणीत रक्त वाढायच्या ऐवजी आणखी कमी झालेलं निघालं. बाळही वाढायला हवं त्यापेक्षा थोडं मागे होतं. डॉक्टरांनी पडद्यावर त्याची मांडी मोजली, पोट मोजलं, पुन्हा एकदा मोजलं. गोळ्या रोज घेता ना, असं त्यांनी विचारलं आणि तिची मान आपोआप हलली. मग वाढत का नाही ते शोधावं लागेल, डॉक्टर म्हणाले. पुढच्या वेळीही असंच असलं तर शिरेतून लोह द्यावं लागेल, आणि बाळावर बारीक लक्ष ठेवावं लागेल.

बाहेर बाकावर ती बराच वेळ बसली. पोटातलं बाळ एकदा सरकलं. बुटाचं खोकं तिच्या डोळ्यांपुढून हलेना. सासऱ्यांच्या आईच्या घरात तर अन्नच नव्हतं. इथे ताटं भरलेली, माणसं ओठांकडे बघत बसलेली, आणि तरी बाळ मागे कसं पडतं? घरी गेल्यावर तिनं 'ठीक आहे' एवढंच सांगितलं. सासरे समाधानानं कढईकडे बघून मान हलवत होते. त्यांच्यासमोर दुसरं काही तोंडातून निघेना. त्या रात्री तिनं गोळी घेतली, पण मनातली कढईची गोष्ट काही सुटेना.

उलगडा झाला तो दुकानात. नव्या काचांचा गठ्ठा आला होता, वर लेप दिलेल्या काचा. अशी काच ओळखायची तिची एक रीत होती: नळाखाली धरायची. साध्या काचेवर पाणी पसरतं, लेपाच्या काचेवर ते पसरत नाही, गोल थेंब होऊन गडगडत खाली जातं. ती एकेक काच धुवून वेगळी करत होती. एका काचेवरून थेंब गडगडला आणि तिचा हात थांबला. असे थेंब तिनं काल पाहिले होते. कढई धुताना.

घरी येऊन तिनं पायातल्या चपलाही न काढता कढई नळाखाली धरली. पाणी गोल गोल होऊन कढईभर नाचलं आणि बुडाशी जमलं. लोखंड कुठेच ओलं झालं नव्हतं.

आता हे सांगायचं कसं? नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं विनोद केला असता, सासूबाईंना सांगितलं असतं तर त्यांनी सासऱ्यांना सुनावलं असतं, आणि दोन्ही तिला नको होतं. शेवटी ती कढई घेऊन मधल्या दारानं कारखान्यात गेली. सासरे एकटेच होते, एका बिजागराला तेल देत बसले होते. तिनं स्टूल ओढलं, ओल्या हातानं कढईत पाणी शिंपडलं आणि ती त्यांच्या पुढ्यात धरली.

"बाबा, हिला लेप दिलाय का?"

त्यांनी थेंबांकडे पाहिलं. चेहऱ्यावर आधी अभिमानच आला. बेकऱ्यांच्या ट्रेंना लेप देणारा एक जुना दोस्त आहे, ते म्हणाले. पावाला चालतो तोच लेप, खाण्यात गेला तरी अपाय नाही, आणि वर्षानुवर्षं गंजायचं नाव नको. बोलता बोलता त्यांचा आवाज कमी होत गेला. थेंब अजून कढईत हिंडत होते. चाळीस वर्षं लोखंडाचा धंदा केलेल्या माणसाला तिनं पुढचं समजावायची गरज नव्हती.

"म्हणजे पोरी, तुझ्या पोटात लोखंडाचा कणही गेला नाही," ते म्हणाले.

तिनं मान खाली घातली. मग रक्ताचं, बाळाचं आणि गोळ्यांचंही सगळं सांगून टाकलं. गोळ्या आपण होऊन सोडल्या, त्यात त्यांचा काही दोष नाही, हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. ते ऐकत होते की नव्हते कुणास ठाऊक. त्यांनी हातातलं बिजागर खाली ठेवलं.

"मी लोकांना हसत हसत सांगायचो, की आईनं मला उपाशी वाढवलं. साखर झाली तेव्हा मनात म्हणालो, गोड मी खाल्लं, माझंच मला भोवलं. पालकबाई बोलल्या तेव्हापासून मात्र आईवर राग धरून बसलो होतो. मेलेल्या बाईवर. आणि मी काय केलं बघ. घरात सगळं असून तुला कोरडी कढई दिली."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही उपाशी ठेवलं नाही. तुम्ही फक्त चकचकीत केलं."

हे ऐकून ते हसले, खोकले, पुन्हा हसले. "आयुष्यभर गंजाशी भांडलो," ते म्हणाले. "आता म्हातारपणी त्याच्याशी सलोखा करावा म्हणतेस."

"थोडाच," ती म्हणाली. "नातवंडापुरता."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिला पालकबाईंकडे घेऊन गेले आणि कढई टेबलावर ठेवून, खोट्या अंड्यांच्या शेजारी, सगळी हकीकत सांगितली. बाईंनी आधी हसू आवरलं, मग ते आवरलं नाही. लेप काढलेल्या कढईचा उपयोग जरूर होईल, त्या म्हणाल्या, आंबट-ओलं त्यात रांधलं तर जास्तच. पण कढई ही मदतनीस; एवढी मोठी तूट ती एकटी भरून काढू शकत नाही, त्याला गोळीच हवी. गोळी सोसत नव्हती तर मला यायचं विचारायला. त्यांनी गोळी बदलून घ्यायला लावली, ती घ्यायची वेळ बदलली, तिच्याबरोबर लिंबाचं सरबत आणि पोटासाठी भरपूर पाणी सांगितलं. ओरडल्या अशा नाहीतच. तिला वाटत होतं, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं; त्यांच्या त्या समजुतीच्या बोलण्यानंच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासऱ्यांनी वाळूच्या फवाऱ्यानं लेप खरवडून काढला. कढईचा करडा, खरबरीत चेहरा उघडा पडला. तेल लावून तापवलं तरी दुसऱ्या दिवशी तिच्या कडेला बारीक तांबूस डाग उगवायचे. ते बघून सासऱ्यांच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. पुसायचे, तेल लावायचे, पण पुन्हा लेपाचं नाव त्यांनी काढलं नाही. भाजी आता जरा काळपट दिसायची, आणि तळाला चिकटायचीही. सासूबाईंनी नाक मुरडायला पुन्हा सुरुवात केली.

त्यांनी आणखीही एक शोध लावला. सून गोळी घेताना तोंड वाकडं करते तेव्हा सासरे समोर बसलेले असतात, आणि त्यांच्या साखरेच्या गोळीची पट्टी महिनाभर तशीच भरलेली असते. पत्त्यांच्या डावातली चोरी पकडावी तशी त्यांनी सासऱ्यांचीही चोरी पकडली. तेव्हापासून दोघांना एका वेळी, एका टेबलावर, त्यांच्यासमोर गोळ्या गिळाव्या लागल्या. "तू आधी," सासरे म्हणायचे. "नाही, तुम्ही," ती म्हणायची. मग दोघेही एकदम घ्यायचे.

रक्त हळूहळू वर आलं. जिन्यात ती आता थांबत नव्हती. डॉक्टरांनी पडद्यावर बाळाची मांडी मोजली, पोट मोजलं, आणि या वेळी पुन्हा मोजलं नाही.

मुलगी झाली. जन्मल्या जन्मल्या तिला आईच्या पोटावर ठेवलं, पण नाळ लगेच कापली नाही. थोडं थांबू, परिचारिका म्हणाली. अजून रक्त जातंय बाळाकडे, शिदोरी पुरती बांधून घेऊ दे तिला. ती दमलेली, घामानं निथळलेली, तशीच पडून त्या निळसर दोरीतली धडधड बघत राहिली. आपल्याकडून काहीतरी अजून जातंय, आणि कुणी घाई करत नाहीये, एवढंच तिला त्या क्षणी कळत होतं. कितीतरी महिन्यांची भीती त्या थांबण्यात विरघळून गेली.

वजन उत्तम, रंग उत्तम, रक्तही उत्तम, असं दुसऱ्या दिवशी डॉक्टर सांगून गेले. नवऱ्यानं पालकबाईंना सांगायला धाव घेतली. खोलीत सासूबाई तिच्याजवळ बसून तिला घास भरवत होत्या, कारण तिचे दोन्ही हात बाळात अडकले होते आणि भूक तर अशी लागली होती की बोलायची सोय नाही. सासरे खिडकीशी उभे होते. नातीला त्यांनी एकदा हातावर तोलून पाहिलं होतं आणि समाधानानं परत दिलं होतं.

मधेच ते बायकोला म्हणाले, "आपला मुलगा पोटात होता तेव्हा तू पोटभर जेवायचीस का गं? मी कधी विचारलंच नाही."

"तीस वर्षांनी का होईना, आठवण झाली म्हणायची," सासूबाई म्हणाल्या आणि सुनेच्या तोंडात घास दिला. मग हात ताटलीतच ठेवून जरा वेळ थांबल्या. "जेवायचे ना. तुमच्या आई मला आधी बसवायच्या. तुम्ही भट्टीवर असायचात, तुम्हाला काय माहीत. पातेल्यातलं घट्ट-घट्ट ते माझ्या ताटात, नि राहिलेलं मग सगळ्यांना. मी म्हणायचे, अहो आई, तुम्ही बसा की बरोबर. तर म्हणायच्या, मागच्या वेळी मला जमलं नाही, आता जमतंय तर करू दे. मला वाटायचं, म्हातारीला भ्रम झालाय, कुठल्या मागच्या वेळचं बोलतेय."

बाळ दूध पिताना मधेच थांबलं, श्वास घेतला, पुन्हा लागलं. सासरे खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

मग ते वळले, बायकोच्या हातातली ताटली हळूच काढून घेतली. "सकाळपासून तू काही खाल्लं नाहीस," ते म्हणाले. "हिला मी भरवतो. तू जेवून घे आधी."

"तुम्हाला येणार आहे का भरवता?"

"शिकेन."

त्यांनी आयुष्यभर घण धरलेल्या जाड बोटांनी एक घास केला, जरा मोठाच, आणि सुनेपुढे धरला. तिनं बाळाच्या डोक्यावरून मान पुढे काढली आणि तोंड उघडलं.